कोपऱ्यावरचे २५ फूट

(दृश्य: पहाट. हडसन नदी, पलीकडे मॅनहॅटनच्या उंच इमारती. अलीकडच्या काठावर विटांची जुनी घरं, रस्त्याच्या दोन्ही कडांना एकाला एक चिकटून लावलेल्या गाड्या.)

निवेदन :

हे होबोकेन. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं, न्यूयॉर्कच्या अगदी समोरचं छोटं शहर. जमीन जेमतेम सव्वा चौरस मैल. २०२०च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ती ६० हजारांहून थोडी जास्त. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती, पण इंचन् इंच भरलेली.

यातली बरीच घरं मोटारी यायच्या आधीची आहेत. भिंतीला भिंत लागून, दार थेट फूटपाथवर उघडणारी. गाडी ठेवायला अंगण नाही, वाडा नाही. त्यामुळे गाडी घेतली की ती रस्त्यावरच. पार्किंगचं भांडण इथे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि ते मिटवायला या शहराने काय काय करून पाहिलंय!

२००२ मध्ये गार्डन स्ट्रीटवर यंत्राने चालणारं गॅरेज उभं राहिलं. गाडी दाराशी सोडायची, यंत्र ती उचलून तीनशेहून अधिक गाड्यांच्या फडताळात नेऊन ठेवणार. अमेरिकेतलं अशा प्रकारचं हे पहिलंच. पुढे २००६ मध्ये ते चालवणारी कंपनी आणि नगरपालिका यांच्यात सॉफ्टवेअरवरून वाद पेटला आणि लोकांच्या गाड्या आतच अडकल्या. मग २०१० मध्ये शहराने रस्त्याच्या कोपऱ्यांवर भाड्याच्या सामायिक गाड्या उभ्या केल्या. तासापुरती गाडी हाताशी असेल, तर स्वतःची घ्यायची गरज उरणार नाही, असा त्यामागचा हिशोब.

(दृश्य: रस्त्याकडेच्या पाट्या. एका बाजूला हिरव्या अक्षरांची, समोर पांढरी.)

रहिवाशांना गाडी लावायला परवाना लागतो. पहिल्या गाडीला शुल्क कमी, दुसरीला जास्त, तिसरीला त्याहून जास्त. पाहुण्यांना ठरलेले तासच. आणि झाडलोटीच्या दिवशी रस्त्याची एक बाजू रिकामी करून द्यायची. सम-विषम तारखांच्या पाट्या वाचत मोठे झालेल्या आपल्या माणसांना हे काही नवं वाटणार नाही.

पण ही सगळी धडपड एकाच प्रश्नाची : गाडी कुठे लावू?

दुसरा प्रश्न विचारणारे तितक्या जोरात बोलत नव्हते. शाळेत निघालेलं मूल. बाजाराची पिशवी घेतलेली आजी. बाबागाडी ढकलणारी आई. त्यांचं म्हणणं एवढंच, की रस्ता ओलांडताना येणारी गाडी दिसत नाही.

(दृश्य: कॅमेरा लहान मुलाच्या उंचीवर. झेब्रा पट्ट्यांना लागून उंच मोटार उभी. तिच्या बॉनेटपलीकडे काहीच दिसत नाही.)

इथे थोडं थांबू. या उंचीवरून पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर, पट्ट्यांना चिकटून एक गाडी उभी आहे. मुलाला रस्ता पाहायचा असेल तर त्या गाडीच्या पुढे दोन पावलं जावं लागतं. म्हणजे आधी धोक्यात उतरायचं आणि मग धोका आहे का ते बघायचं. वळणाऱ्या चालकाचंही तेच. त्यालाही मूल दिसतं ते गाडीआडून बाहेर पडल्यावर. ब्रेक दाबायला तेव्हा उरतो एखादा क्षण. ना मुलाची चूक, ना चालकाची. चूक त्या कोपऱ्याची.

आणि गंमत नव्हे, खेद असा, की त्या कोपऱ्यावर गाडी लावायला मुळातच बंदी होती. न्यू जर्सीचा कायदा सांगतो, झेब्रा पट्ट्यांपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करायची नाही. साधारण साडेसात मीटर. कायदा जुना, पाटी कुठे असेल कुठे नसेल, आणि रात्री दमून घरी आलेल्या माणसाला तेवढीच एक जागा रिकामी दिसते. मग लागते गाडी. रोज लागते. आणि हळूहळू ती जागा हक्काची वाटू लागते.

जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवर व्हॅनच्या धडकेत एक वृद्ध महिला गेल्या. हा शहराचा मुख्य बाजाररस्ता.

२०१८ मध्ये रवी भल्ला महापौर झाले. पंजाबी शीख कुटुंबातले, न्यू जर्सीत महापौरपदी निवडून आलेले पहिले शीख. त्यांच्या कारकिर्दीत शहराने ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं. १९९७ मध्ये स्वीडनने मांडलेला हा विचार : माणसाच्या हातून चूक होणारच, पण त्या चुकीची शिक्षा मरण असता कामा नये, रस्ताच तसा बांधा. होबोकेनने मुदत घातली २०३०ची. तोवर अपघाती मृत्यू आणि गंभीर दुखापती शून्यावर.

(दृश्य: कोपऱ्यावर लवचीक खांबांची रांग. शेजारी सायकल स्टँड. पुढच्या चौकात झाडं लावलेला खोलगट वाफा.)

हे साधायचं कशाने? कोपरे मोकळे करून. तिकडे त्याला ‘डेलाइटिंग’ म्हणतात, आपण ‘कोपऱ्याला उजेड देणं’ म्हणू. पोलीस किती कोपऱ्यांवर उभे करणार? म्हणून त्या २५ फुटांत गाडी शिरूच नये अशी व्यवस्था केली. कुठे प्लॅस्टिकचे खांब, कुठे सायकली लावायचे दांडे, कुठे फूटपाथच पुढे वाढवलेला. काही ठिकाणी पावसाचं पाणी जिरवणारे वाफे. २०१२च्या सँडी वादळात या शहरात पाणी शिरलं होतं, त्यामुळे पाणी मुरायला मिळालेला प्रत्येक वाफा इथे मोलाचा.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटली ती कामाची पद्धत. वेगळी मोठी योजना काढून निधीची वाट पाहत बसायचं नाही. एखाद्या रस्त्याचं डांबरीकरण निघालं, की त्याच कामात त्याचे कोपरे उरकायचे. पट्टे तर नव्याने मारायचेच असतात, तेव्हाच खांब बसवायचे. रस्त्यामागून रस्ता, वर्षामागून वर्ष.

जोडीला सिग्नलवर पायी चालणाऱ्याला गाड्यांच्या काही सेकंद आधी हिरवा दिवा. आणि २०२२ पासून शहरातल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर.

विरोध झाला. होणारच होता. जिथे गाडी लावायला जागाच नाही, तिथे प्रत्येक चौकातल्या चार जागा जाणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. रात्री अर्धा तास घिरट्या घालणाऱ्या माणसाचा राग खोटा नसतो आणि त्याला खोटं म्हणूही नये. पण त्या जागा कायद्याने कधीच पार्किंगच्या नव्हत्या. नगरपालिकेने काढून घेतलं म्हणावं, तर तिने दिलेलं असं आधी काही नव्हतंच. शिवाय नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहराने राज्याच्या अशाच नियमातून स्वतःला सूट घेतलेली, तिथे पट्ट्यांपर्यंत गाडी लावता येते. त्या शेजारात राहून होबोकेनने हे रेटलं.

जानेवारी २०१७ नंतरची सात वर्षं या शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही.

(दृश्य: शाळा सुटलेली. मुलं कोपऱ्यावर थांबतात, दोन्हीकडे पाहतात. रस्ता दूरवर दिसतो.)

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. चौकाजवळ, वळणावर, पादचारी पट्ट्यांजवळ गाडी उभी करू नये, हे १९८९च्या आपल्या रस्ता नियमांतही छापलेलं होतं.

होबोकेनमध्ये अपघात थांबलेले नाहीत. माणसं अजून जखमी होतात, २०३०चं अर्धं वचन बाकी आहे. ट्रकच्या चाकाखाली खांब वाकतात, ते बदलावे लागतात.

(दृश्य: रात्र. ताज्या डांबरावर पांढरे पट्टे ओले आहेत. कामगार कोपऱ्यावर टेप धरून २५ फूट मोजतो, खडूने खूण करतो.)