माथा ते पायथा : भीमा खोऱ्याचा एकच जमाखर्च

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

उन्हाळा कडक गेला की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला पलसनाथाचे जुने मंदिर उजनीच्या पाण्याबाहेर येते. आधी शिखर दिसू लागते, मग हळूहळू सगळे मंदिर उघडे पडते. वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते आणि बातमीत आकडा असतो, उजनी उणे तीस टक्के किंवा उणे पन्नास टक्के. समोर क्षितिजापर्यंत पाणी दिसत असताना धरण शून्याच्या खाली कसे, असे बाहेरगावच्या पाहुण्याला वाटते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न मोजल्या जाणाऱ्या तळच्या साठ्यात, धरले जाते आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या थोडा वर भरतो. टक्केवारी फक्त या उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून तो संपला की आकडा उणे होतो. सोलापूरकरांना मात्र या उणे आकड्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. दुबार पंपिंग, तिबार पंपिंग, म्हणजे खाली गेलेले पाणी दोन-तीन टप्प्यांत उपसणे, हे शब्द तिथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि तळाशी उरलेले ते हिरवट पाणी कोणत्या वासाचे असते, हेही ठाऊक असते.

आजचा विषय पाणलोटाच्या प्रादेशिक समन्वयाचा आहे. विषयाचे नाव जड आहे, म्हणून मी एकाच खोऱ्याबद्दल बोलणार आहे. भीमाशंकरला उगम पावणारी आणि पुढे कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी भीमा, आणि त्यातही मुख्यतः उजनीच्या वरचा सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश, एवढ्यापुरता.

पाणलोटाचे काम ज्यांनी एखाद्या गावात केले आहे, त्यांना ‘माथा ते पायथा’ हे सूत्र पाठ असते. डोंगरमाथ्यावर आधी सलग समतल चर काढायचे, उतारावर दगडी बांध घालायचे, ओघळी अडवायच्या, मग खाली माती नाला बांध आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर सिमेंटचा बंधारा. हा क्रम उलटा केला, म्हणजे दिसायला चांगला आणि उद्घाटनाला सोयीचा म्हणून बंधारा आधी बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो आणि बंधाऱ्याच्या जागी ज्वारी पेरता येईल अशी जमीन तयार होते. हे आपण गावकऱ्यांना चित्रे काढून शिकवतो. जे सूत्र पाचशे हेक्टरांच्या पाणलोटाला लागू आहे, ते पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला लागू नाही, असे मात्र आपण कोणतेही कारण न देता धरून चाललो आहोत. माझे आजचे सगळे म्हणणे एवढेच आहे की खोऱ्याच्या माथ्यावर जो निर्णय होतो, त्याचा खर्च पायथ्याच्या खात्यात पडतो, आणि ही दोन्ही खाती एका वहीत कधी लिहिली जात नाहीत.

या खोऱ्याचा माथा फार श्रीमंत आहे. सह्याद्रीच्या कण्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला दौंड-इंदापूरकडे तो पाचशेच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे भीमेत येणारे बहुतेक पाणी पश्चिमेच्या चिंचोळ्या पट्ट्यात जन्माला येते, आणि त्याच पट्ट्यात ते अडवलेही जाते. उजनीच्या वर दीड डझनाहून अधिक धरणे आहेत. मुळशीसह सहा धरणांचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात जाते. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ ते १९२४ या काळात झाला. त्याची आठवण आपण विस्थापितांचा लढा म्हणून ठेवतो आणि ती तशीच ठेवायला हवी. पण पूर्वेकडे वाहणारे पाणी कायमचे पश्चिमेकडे वळवताना सोलापूरला कोणी विचारले होते का, हा प्रश्न त्या काळी सुचलाही नसेल.

आता पाण्याच्या गुणवत्तेकडे येतो, कारण निरोगी पर्यावरणाची खरी परीक्षा तिथे आहे. उदाहरण इंद्रायणीचे घेऊ. लोणावळ्याजवळ उगम आणि तुळापूरला भीमेशी संगम, एवढीच ही नदी, एका दिवसात गाडीने तिच्या कडेकडेने जाता येईल अशी. पण तिच्या काठी नगरपालिका क्षेत्रे, एक कटक मंडळ, एक महानगरपालिका, औद्योगिक वसाहतींचे ओढे, शिवाय डझनावारी ग्रामपंचायती आहेत. बऱ्याच अंतरात नदी हीच शहराची हद्द आहे. एका काठावर मैलापाणी केंद्राचा आराखडा असतो आणि समोरच्या काठावरच्या गावाला गटार योजनाही नसते. आळंदीला घाटावर पांढरा फेस आला की वारीच्या तोंडावर पाहणी होते, नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. प्रत्येक यंत्रणा आपापल्या हद्दीपुरते बरोबर असू शकते आणि तरीही नदी फेसाळलेली राहते. हद्द नदीच्या मधोमध आखली, की फेस कोणाच्या काठावरून आला, हे ठरवण्यातच पावसाळा येतो.

हा फेस तुळापूरच्या संगमात विरतो, पण त्यातले नत्र आणि स्फुरद विरत नाही. त्यात मुळा-मुठेचे मैलापाणी आणि वाटेतल्या उसाच्या रानांतून झिरपलेली खते मिसळतात आणि हे सगळे उजनीच्या संथ, उथळ, उन्हात तापणाऱ्या पाण्यात येऊन थांबते. शेवाळ आणि जलपर्णीला याहून चांगले रान कोणते? भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पर्यटक येतात, त्यांच्या कॅमेऱ्यात पाणी निळे दिसते. त्याच काठावर पहाटे जाळे ओढणाऱ्या एका मासेमाराने मला टोपली उलटी करून दाखवली होती. सगळी चिलापी, एक-दोन कटला, बाकी काही नाही. वाम, मरळ, शिंगटा ही नावे तो घेत होता, पण त्याच्या सुरात ती दूर गेलेल्या नातेवाइकांची वाटत होती. चिलापी गढूळ आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरते, म्हणून ती टिकली. पाण्याचा दाखला प्रयोगशाळेपेक्षा ती टोपलीच आधी देते.

आता हिशेबाचा भाग, जो ऐकायला रूक्ष आहे पण सगळ्या भांडणाचे मूळ तिथेच आहे. शहराला दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे अभियांत्रिकीत धरतात. पुण्याला खडकवासला धरणसाखळीतून जास्तीचे पाणी द्यायचे आणि त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी उचलून जुन्या कालव्यात, म्हणजे लोक ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, शेतीसाठी सोडायचे, अशी योजना झाली. कल्पना म्हणून ती उत्तम आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण कालव्याकाठचा शेतकरी पाण्याचा रंग दाखवून विचारतो, प्रक्रिया नेमकी कुठे झाली? दुसरा प्रश्न उजनीकाठचा शेतकरी विचारतो, हे पाणी पूर्वी नदीने आमच्याकडे येत होते, ते मध्येच उचलले, मग आमच्या वाट्यातून ते वजा कुठे दाखवले?

हा प्रश्न किती ज्वलनशील आहे, हे २०२१ मध्ये दिसले. पुण्याकडून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यापैकी पाच टीएमसी पाणी इंदापूर तालुक्यातील योजनांसाठी द्यायचे, असा निर्णय पुढे आला. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि महिन्याभरात तो मागे घ्यावा लागला. इंदापूरचे म्हणणे होते की हे सांडपाणी आहे, म्हणजे उजनीच्या मंजूर पाण्याबाहेरचे आहे. सोलापूरचे म्हणणे होते की धरणात आल्यावर पाण्याला जात राहत नाही, जे आले ते धरणाचे. मला दोन्ही बाजूंची तळमळ खरी वाटते आणि दोन्ही बाजूंचा हिशेब अपुरा वाटतो. ज्या पाण्याची एका शहराने विल्हेवाट लावली, दुसऱ्या तालुक्याने ज्यावर हक्क सांगितला आणि तिसऱ्या जिल्ह्याने जे आधीच पिऊन टाकले, ते पाणी तीन कागदांवर तीनदा मोजलेले असते. नदीत मात्र ते एकदाच वाहते.

भूजलाची गोष्ट याहून बिकट आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने महाराष्ट्राची विभागणी दीड हजाराहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आहे आणि भीमेच्या पाणलोटांना ‘बीएम’ने सुरू होणारे क्रमांक आहेत. नकाशे उत्तम आहेत, विहिरींची निरीक्षणे वर्षानुवर्षे होतात. पण हे भूजलाचे खाते आणि धरणाचे खाते एकमेकांना ओळख देत नाहीत. सांगोल्याकडे बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरतात. कागदावर ते जलसंधारण असते, प्रत्यक्षात जमिनीखालचे सुरक्षित पाणी उन्हात मांडून ठेवलेले असते. पूर्वी डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाहणारे ओढे दिवाळीतच आटतात, कारण ओढ्याला जिवंत ठेवणारा झिरपाच उपसला गेलेला असतो. नदीत किमान प्रवाह ठेवा, असे आपण पर्यावरणवादी म्हणतो, तेव्हा धरणाच्या दारांकडे बोट दाखवतो. बोअरवेलच्या गाडीकडे सहसा दाखवत नाही, कारण ती आपल्या मेहुण्याची असते.

पुरातही हेच घडते, फक्त घाईने. नीरा नदी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि हा संगम उजनी धरणाच्या खाली आहे. म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटात किती पाणी चढणार, हे एकट्या उजनीच्या हातात नाही. नीरेवरच्या वीर धरणातून काय सुटते, यावरही ते अवलंबून आहे. दोन्ही विसर्ग एकाच वेळी संगमावर पोचले तर चंद्रभागेचे घाट बुडतात, काही तासांचे अंतर राखले तर पुराचे शिखर विभागले जाते. हे गणित अभियंत्यांना येते आणि अनेकदा ते फोनवर सांभाळूनही घेतात, त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवे. परंतु फोनवरचे सौजन्य आणि नियम यांत फरक असतो. वरच्या टोकाला पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा चर्चा विसर्गाची सूचना किती वाजता दिली, याभोवती फिरत राहिली. नदीपात्राच्या निळ्या आणि लाल पूररेषांच्या आत घरे कशी आली, हा त्याआधीच्या वीस वर्षांचा प्रश्न होता.

मग कायदा नाही का? आहे, आणि बरा आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात खोरेनिहाय नियोजनाची मांडणी केली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल मंडळ, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद आणि एकात्मिक राज्य जल आराखडा यांची तरतूद आहे. २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्यांची कल्पना आहे. अडचण अशी, की सिंचन विकास महामंडळांनाच कायद्याने नदी खोरे अभिकरण ठरवले गेले. ज्यांचा जन्म निधी उभारून धरणे आणि कालवे पूर्ण करण्यासाठी झाला, त्यांच्यावर शहराचे मैलापाणी, भूजलाचा उपसा, मासे आणि जंगल या सगळ्यांचा निःपक्ष हिशेब ठेवण्याची जबाबदारी आली. ही महामंडळे वाईट आहेत, असे मी म्हणत नाही. गवंड्याला लेखापरीक्षक नेमले, एवढेच म्हणतो.

याच खोऱ्यात, पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या परिसरात, उलट उदाहरणही आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसाच्या मापाने द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. या प्रयोगाची पुढे झालेली पडझड मला ठाऊक आहे आणि तो जसाच्या तसा खोऱ्यावर बसवता येईल, असे मी मानत नाही. त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तिथे हिशेब सगळ्यांसमोर होता आणि पिकाचा निर्णय पाण्याच्या निर्णयापासून वेगळा काढलेला नव्हता. भीमा खोऱ्यात साखर कारखान्याचा गाळप परवाना एका खात्याकडे, कालव्याचे आवर्तन दुसऱ्याकडे आणि विहिरींचा उपसा कोणाकडेच नाही.

म्हणून मी नवीन प्राधिकरण मागत नाही. आहेत तेवढी पुरेत. मी मागतो तो एक ताळेबंद. दरवर्षी ऑक्टोबरअखेर, पावसाळा संपताना, उजनीच्या वर आणि खाली प्रत्येक उपखोऱ्यात किती पाणी आले, किती अडले, किती उपसले, किती वापरून परत सोडले आणि परत सोडताना ते कोणत्या अवस्थेत होते, हे एका कागदावर असावे. जिथे नदी एका संस्थेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाते, तिथे प्रवाह आणि प्राणवायू मोजणारे केंद्र असावे आणि त्याचा आकडा खालच्या गावाला रोज दिसावा. तळेगाव, देहू, आळंदी, तुळापूर, दौंड अशी ही साखळी सहज लावता येते. पुण्यात जायका या जपानी सहकार्य संस्थेच्या साहाय्याने दररोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा मैलापाणी केंद्रे उभारण्याचा प्रकल्प आहे. त्याचे यश शहरातल्या नदीकाठावर न मोजता दौंडच्या पुलाखाली मोजावे.

हा ताळेबंद ज्या बैठकीत मांडला जाईल, ती मुंबईत नको. ती नीरा नरसिंहपूरला, संगमावर घ्यावी. पुणे, अहिल्यानगर, सातारा आणि सोलापूर या चारही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना तिथे यायला साधारण सारखाच त्रास होईल. कालवा सल्लागार समितीत आमदार असतात, कारखानदार असतात, पाणी वापर संस्था असतात. या बैठकीत त्यांच्याबरोबर भिगवणच्या मासेमार संस्थेचा एक माणूस, सोलापूरच्या पाणीपुरवठ्याचा एक अभियंता आणि मावळातल्या एखाद्या माथ्यावरच्या गावाचा सरपंच बसावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान सर्वांत खालच्या गावाला असावा.