ठसका का लागतो?

दोन बोटं गळ्यावर ठेवा. मधोमध टणक उंचवटा लागेल, ती घाटी. आता आवंढा गिळा. घाटी वर सरकली आणि लगेच खाली आली. तेवढ्या साधारण एका सेकंदात आत बरंच काही घडून गेलं.

नाकातली हवा आणि तोंडातला घास, दोघांची वाट घशातूनच जाते. खाली फाटे फुटतात: पुढे श्वासनलिका, तिला मागून चिकटून अन्ननलिका. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासनलिकेचं तोंड ओलांडूनच पोटाकडे जावं लागतं.

म्हणून गिळताना मऊ टाळू पडजिभेसकट वर उचललं जातं आणि नाकाची वाट मिटते. स्वरयंत्र वर सरकतं, बोटांना लागलं ते हेच. त्यावरचं पानाच्या आकाराचं झाकण मागे कलतं, खाली स्वरतंतू मिटतात आणि श्वास थांबतो. कानाचा वरचा भाग दुमडून सोडा. झाकणाची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, तशीच लवचीक असते. पुष्कळ जण या झाकणालाच पडजीभ समजतात. पडजीभ टाळूला लोंबते, आरशात दिसते. झाकण असतं जिभेच्या मुळामागे.

आता घास तोंडात असताना हसू आलं, की श्वास एकदम आत ओढला जातो. वाट उघडी असते, कण आत शिरतो. स्वरयंत्राचं अस्तर फार हळवं. स्वरतंतू घट्ट मिटतात, छातीत दाब साठतो आणि हवा जोरात बाहेर फेकली जाते. हाच ठसका. अशा वेळी पाणी पाजायची घाई करू नका, तेही चुकीच्या वाटेने जाऊ शकतं. खोकू द्या.

खोकताच येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. माणसाला पुढे वाकवून पाठीवर दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांच्या, मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. उपयोग झाला नाही, तर मागे उभं राहून बेंबीच्या जरा वर मूठ धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. मग पुन्हा थापा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर मात्र असे झटके कधीही देऊ नयेत.

लहान मुलांच्या बाबतीत शेंगदाण्याची भीती मोठी. श्वासनलिकेत गेलेला दाणा बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाकडे घसरतो, कारण तिकडचा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो. मग तो दुर्बिणीनेच काढावा लागतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे देऊच नका. दाण्याचं कूट द्या.