इटलीत पडलेला माणगावचा नाईक
(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपतीला गावी जाताना माणगावच्या कोंडीत कधीच अडकला नाही, असं कुणी आहे इथे? बघा, एकही हात नाही! आता सांगा, त्याच माणगावातला यशवंत घाडगे यांचा पुतळा किती जणांनी पाहिलाय? चार-पाच हात. म्हणूनच आज हा विषय घेतला.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक, म्हणजे सेक्शन नावाच्या छोट्या तुकडीचे प्रमुख. दुसरं महायुद्ध, १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. रोम महिन्यापूर्वीच जर्मनांच्या हातून गेलं होतं, पण मागे हटताना ते एकेक टेकडी लढवत होते. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. बाकीचे सगळे ठार किंवा जखमी. उरले हे एकटे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक उलटी, नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच ठेचलं. ती नळी किती तापली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, मरणोत्तर. कबर नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "पण लढला तो इंग्रजांसाठी ना?" इथल्याच एका शाळेने १० जुलैचा कार्यक्रम याच कारणासाठी नाकारला. "सर, त्यापेक्षा स्वातंत्र्यसैनिकांवर बोला." बोलेन की, आनंदाने बोलेन! पण त्या वर्गातली कितीतरी मुलं महाड-पोलादपूरकडची. कुणाच्या घरी फौजी पणजोबांचा फोटो भिंतीवर असेल. त्या फोटोखाली पोराने मान खाली घालून उभं राहायचं का? कोकणात भाताचं एक पीक, खाणारी तोंडं दहा. घरटी एक जण मुंबईच्या गिरणीत, नाहीतर पलटणीत. सक्तीची भरती नव्हती, हे खरं. पण पोटाची सक्ती होती, आणि एकदा पलटणीत गेल्यावर शेजारच्या माणसाला सोडायचं नाही, ही शपथ होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. इटलीतल्या मराठी सैनिकांबद्दल बोलायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगतो. याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. गोळीबारात जखमी साथीदारांना पाण्यातून मागे आणलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते परत आले. घाडग्यांच्या नावाने इटलीत मोंतोने गावी २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

आता मुख्य मुद्दा. घाडग्यांची पलटण इंग्रजांबरोबर गेली नाही. तीच पुढे छत्रीधारी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणारी झाली. आज तिला २ पॅरा म्हणतात. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला तिथल्या टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच. १९७१ ला टाळ्या वाजवायच्या आणि १९४४ चा तिचा नाईक परका मानायचा, हे मला मान्य नाही. त्या शाळेलाही मी तसं पत्राने कळवलंय. येत्या १० जुलैला ज्या शाळेला हवं तिथे मी येईन. दाराशी वही ठेवली आहे, शाळेचं नाव लिहून जा.