काजं करणारी क्लारा

श्रोतेहो, नमस्कार.

१९८२ सालचा जुलै महिना आठवा. गिरणगावातले भोंगे गप्प होऊन सहा महिने होत आले होते, अडीच लाख कामगार संपावर होते. त्याच महिन्याच्या १२ तारखेला तिकडे दूर अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या एका वृद्धाश्रमात, शहाण्णव वर्षांची एक आजी वारली. तिची बातमी लालबाग-परळपर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही. पण संप कारखान्याच्या फाटकावर सुरू होतो आणि घरातल्या चुलीपर्यंत येतो, हे तिच्याइतकं फार थोड्या जणांना कळलं होतं. तिचं नाव क्लारा लेमलिक. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

क्लारा १८८६ साली आजच्या युक्रेनमधल्या होरोडोक गावी एका ज्यू कुटुंबात जन्मली. राज्य रशियाच्या झारचं. गावातल्या शाळेत ज्यू मुलांना मज्जाव, म्हणून तिच्या आईवडिलांनी संतापून घरात रशियन भाषेलाच बंदी घातली. पोरीला मात्र वाचनाचं वेड. पुस्तकांसाठी पैसे हवेत म्हणून ती शिंप्यांसाठी काजं करायची. ज्यांची मुलं अमेरिकेला गेली होती अशा निरक्षर आयांची पत्रं लिहून द्यायची. पुस्तकं लपवली होती स्वयंपाकघरात, मटणाच्या भांड्याखाली. वडिलांना ती सापडली आणि त्यांनी जाळून टाकली. पोरीनं पुन्हा सुईदोरा हातात घेतला, पुन्हा पुस्तकं जमवायला लागली. पुढची सगळी क्लारा मला या एका प्रसंगात दिसते.

१९०३ साली रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची भीषण कत्तल झाली आणि हे कुटुंब देश सोडून न्यूयॉर्कला आलं. क्लारा लगेच कपडे शिवण्याच्या कारखान्यात लागली. तेव्हा बायकांमध्ये शर्टवेस्टची चलती होती. शर्टवेस्ट म्हणजे पुरुषी शर्टासारखा, पुढे बटणं असलेला ब्लाऊज. तो शिवणाऱ्या बहुतेक मुली कोवळ्या वयाच्या, ज्यू आणि इटालियन. आठवड्याला पासष्ट तास काम, हंगामात पंचाहत्तर. सुया आणि दोरा पुष्कळ ठिकाणी स्वतःच आणायचा. उशीर झाला तर दंड, कापड बिघडलं तर दंड. काही कारखान्यांत तर मुलींनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून दाराला कुलूप.

क्लारा युनियनमध्ये गेली. युनियनचे पुढारी पुरुष. बायकांना संघटित करता येत नाही, अशी त्यांची समजूत. १९०९ च्या सप्टेंबरमध्ये संपाच्या वेळी मालकांच्या भाडोत्री गुंडांनी तिला गाठून मारलं, सहा बरगड्या मोडल्या. ती बरी झाली आणि पुन्हा कारखान्याच्या दारात उभी राहिली.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात शर्टवेस्ट कामगारांची सभा भरली. हॉल खचाखच. दोन तास मोठमोठे पुढारी बोलत होते. पाठिंबा सगळ्यांचा, पण सबुरीनं घ्या, विचार करा, हाच सूर. तेव्हा तेवीस वर्षांची क्लारा उठली, बोलू द्या म्हणाली, लोकांनी तिला व्यासपीठावर नेलं. ती यिडिशमध्ये बोलली, म्हणजे तिथल्या बहुतेक मुली घरात बोलत त्याच भाषेत. सांगणं थोडक्यात असं: हे सगळं मी स्वतः सोसते आहे, आता नुसती भाषणं ऐकण्याचा धीर माझ्यात नाही, सार्वत्रिक संपाचा ठराव मी मांडते. सभागृह दणाणून गेलं. अध्यक्षांनी हात वर करायला लावून शपथ घ्यायला सांगितली: मी गद्दारी केली, तर हा उचललेला हात झडून जावो. दुसऱ्या दिवसापासून हजारो मुली कामावरून उठल्या. वीस हजारांचा उठाव हे त्या संपाचं नाव पडलं.

संप पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. तीनशेहून अधिक कारखानदारांनी करार केले. बावन्न तासांचा आठवडा आला, सुईदोऱ्याचा भुर्दंड गेला. शर्टवेस्ट बनवणाऱ्या ट्रायँगल कंपनीनं मात्र युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ ला त्याच कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या आणि मुली होत्या आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर. १४६ जीव गेले. प्रेतं ओळखण्यासाठी मांडून ठेवली होती, तिथे क्लारा नात्यातल्या एका बहिणीला शोधत फिरत होती. ती त्यांत नाही हे कळल्यावर क्लाराला हसू आणि रडू एकदमच अनावर झालं. मालकांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. ही ओळ वाचताना आजही माझ्या पोटात खड्डा पडतो.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक इथे थांबतात. मला पुढची क्लारा जास्त मोलाची वाटते. कारखान्यांनी तिचं नाव काळ्या यादीत घातलं. १९१३ साली तिनं लग्न केलं, ब्रुकलिनमध्ये संसार मांडला, मुलं झाली. आणि तिच्या ध्यानात आलं, की संपात वाढवून घेतलेली मजुरी घरमालक आणि दुकानदार पुन्हा काढून घेतात. मग तिनं शेजारणींना गोळा केलं. भाडेवाढीविरुद्ध लढे दिले, मांसाच्या भावाविरुद्ध बहिष्कार पुकारले. १९३५ साली त्यांच्या चळवळीनं न्यूयॉर्कमधली हजारो खाटिकांची दुकानं बंद पाडली. आपल्या गिरणगावात १९७४ च्या संपात खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर कामगारांना जेवू घातलं, आणि त्यातूनच प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. क्लाराला या बायकांची ओळख पटवून द्यावी लागली नसती.

ती कम्युनिस्ट होती आणि ते तिनं कधी लपवलं नाही. सोव्हिएत संघाला जाऊन आल्यावर १९५१ साली तिचा पासपोर्ट काढून घेतला गेला. म्हातारपणी पोटासाठी ती पुन्हा शिवणकामाला लागली, १९५४ ला निवृत्त झाली. आणि जिच्यासाठी तिनं बरगड्या मोडून घेतल्या, त्याच युनियनकडून पेन्शन मिळवायला तिला दीर्घकाळ झगडावं लागलं. हे मला फार लागतं.

ऐंशी ओलांडल्यावर ती वृद्धाश्रमात राहायला गेली. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी द्राक्षं आणि लेट्यूसवर बहिष्कार टाकण्याची हाक दिली होती. क्लारानं आश्रमाच्या व्यवस्थापकांना त्यात सामील व्हायला लावलं. आणि तिथे म्हाताऱ्यांना उठवणारे-बसवणारे, अंथरुणं बदलणारे जे सेवक होते, त्यांना तिनं विचारलं, तुमची युनियन आहे का? नव्हती. मग ती त्यांच्या मदतीला लागली.