अस्तर उसवतं तेव्हा

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘महाधमनीची फाट आणि स्टेंट ग्राफ्ट’ असा छापलाय. मी बोलणार आहे शिवणकामावर. हसताय काय, विषय एकच आहे!

जुना अस्तराचा कोट आठवा. बाहीचं अस्तर जरा उसवलेलं असतं. घाईत हात घातला की तो अस्तर आणि कापडाच्या मधे शिरतो, आणि जितका जोर लावाल तितकं ते पुढे उसवत जातं. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिचं आतलं अस्तर फाटलं की रक्त असंच भिंतीच्या थरांमधे घुसतं. आम्ही त्याला डिसेक्शन म्हणतो. हात म्हणजे रक्त आणि जोर म्हणजे तुमचं बीपी. मागच्या रांगेतले गोळ्या सोडलेले काका, तुमच्याकडेच बघतोय.

आता अमेरिकेतले नामवंत हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी, त्यांची गोष्ट. ह्या माणसाला आईनं लहानपणी शिवण शिकवलं होतं. आमच्या शाळेत शिवण मुलींना, सुतारकाम मुलांना! परिणाम असा, की स्वतःच्या शर्टाचं बटण लावता न येणारी गुणवान मुलं माझ्याकडे सर्जरी शिकायला येत. असो. 1950च्या दशकात डिबेकी ह्यूस्टनच्या एका मोठ्या दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदार म्हणाला, हे डेक्रॉन नवीन आलंय, बघा. त्यांनी ते घेतलं आणि घरी बायकोच्या शिलाई मशीनवर त्याची नळी शिवली. पुढे जगभर हजारो लोकांच्या छातीत तेच कापड गेलं.

आणि 31 डिसेंबर 2005 ला, वयाच्या 97व्या वर्षी, अभ्यासिकेत बसलेले असताना डिबेकींच्याच छातीत कळ आली. हे डिसेक्शन असणार हे त्यांनी स्वतःच ओळखलं. ऑपरेशनला मात्र तयार होईनात! काही आठवड्यांनी शुद्ध हरपली. पत्नीनं आग्रह धरला, रुग्णालयाची नैतिक समिती रात्री बसली, आणि फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्याच पद्धतीनं, डेक्रॉनची नळी घालून, फाटलेला भाग बदलला. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, पळतो.

फाट हृदयाजवळच्या चढत्या भागात असेल तर टाइप ए. तिथे छाती उघडायचीच, तीही तातडीनं. उतरत्या भागात असेल तर टाइप बी: आधी बीपी आणि वेदना आवरायच्या. पण धमनी फुटू लागली किंवा आतडी, मूत्रपिंड, पाय यांचं रक्त तुटलं, तर स्टेंट ग्राफ्ट. धातूची जाळी, तिच्यावर तेच कापड, घडी करून बारीक नळीत भरलेलं. जांघेतल्या धमनीतून वर न्यायचं, एक्स-रेखाली फाटीच्या तोंडावर उघडायचं. म्हणजे काय, आतून नवं अस्तर. थरांमधल्या खोट्या वाटेतलं रक्त गोठतं आणि खरी वाट मोकळी होते. युक्रेनमधल्या खार्किवचे सर्जन वोलोदोस यांनी 1987 मध्येच छातीतल्या महाधमनीत असं ग्राफ्ट बसवलं होतं, त्यांचं नाव कुणी घेत नाही. डिसेक्शनसाठीचे गाजलेले दोन निबंध 1999चे, एक अमेरिकेतून, एक जर्मनीतून.

धोके? मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा झाकला गेला तर पाय लुळे पडू शकतात. ग्राफ्टच्या कडेनं रक्त झिरपू शकतं, म्हणून सीटी स्कॅन आयुष्यभर, आणि गोळ्याही. अचानक फाटल्यासारखी कळ पाठीत गेली, तर दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा, कारण... हो हो, दुसरी चिठ्ठी दिसली, थांबतो. कारण चहाच्या वेळी विचारा.