खोगीरभरती

अध्यक्ष महाराज, आणि पुरणपोळीनंतरही जागे असलेले मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'स्वयंसेवी घोडदळातील प्रवेश : प्रक्रिया आणि महत्त्व'. हे शीर्षक माझं नव्हे. मी फोनवर 'खोगीरभरती' एवढंच म्हणालो होतो, पण समितीला वाटलं मी समितीबद्दलच बोलतोय. असो. अर्धा तास आहे, प्रक्रियेवर येतोच.

त्याआधी एक तक्रार. अमेरिकेतल्या एव्हन गावच्या 'फर्स्ट कंपनी गव्हर्नर्स हॉर्स गार्ड्स' या स्वयंसेवी घोडदळात मी दाखल झालो, तेव्हापासून दर फेब्रुवारीत मला फोन येतो. "काका, शिवजयंतीला घोडा आणाल का? आमचा चिरंजीव महाराज होणार आहे." चिरंजीवांचं वय सहा. मी सांगतो, घोडा माझा नाही हो. "मग तुमच्या ओळखीनं बघा ना." अहो, हे दळ कनेक्टिकट राज्याच्या मिलिशियाचं, 1778 सालापासूनचं. गव्हर्नरच्या शपथविधीला मानवंदना देणारं. तिथला घोडा ओळखीनं कसा आणू? एका गृहस्थांनी मुलाच्या वरातीसाठी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ड्रेस घालून तुम्ही तरी या." म्हणजे घोड्याच्या जागी मी!

हसताय, पण 'घोडा माझा नाही' या तीन शब्दांतच माझं आजचं व्याख्यान आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. पण नंतर शब्दांचं काय झालं बघा. गावोगावच्या फलकांवर 'साहेबांचे शिलेदार' झळकतात. 'साहेबांचे बारगीर' असा फलक कुणी पाहिलाय? शिवरायांनी मात्र भर दिला तो पागेवर, आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवलं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीला एक पखालजी, म्हणजे पाणक्या, आणि एक नालबंद. (आमच्याकडे नालबंद बाहेरून येतो, सहा-आठ आठवड्यांनी. त्याचं बिल ऐकून नालबंदच व्हावं असं वाटतं.)

शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल. घोडा मेला की धंदा बुडाला. मग लढाईत तो जपणार कुणाला? इंग्रजांनी हा शब्दच उचलला, 'सिलादार' केला आणि हिंदुस्थानी रिसाले त्या पद्धतीवर चालवले. भरती होणाऱ्यानं पैसे भरून 'असामी', म्हणजे रिसाल्यातली जागा, घ्यायची. होय, आपली 'बडी असामी' त्याच शब्दाची बहीण. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं पटापट संपायला लागली, तेव्हा स्वतःचा घोडा स्वतः भरून काढण्याचा हा हिशेब कोलमडला आणि युद्धानंतर ती पद्धत गेली. बारगीर जिंकला! पण त्याचा फलक काही लागला नाही.

तर मी बारगीर. आणि बिनपगारी, म्हणजे वर घोड्याची निगा राखणारा मोतद्दारही मीच. आमच्या दळाला बरेच घोडे देणगीत मिळतात. माझ्या वाट्याची घोडी सतरा वर्षांची. पहिल्या संध्याकाळी खरारा झाला, मग खूर साफ करायचे. पायामागून हात खाली नेत शिरेला हलकी चिमटी घेतली की घोडी खूर उचलते, आणि मग पाचशे किलोंतला जमेल तेवढा भार तुमच्या खांद्यावर टाकून डुलकी काढते. एका हातात खूर, दुसऱ्या हातात खूर कोरायचा आकडा, आणि नाकावर माशी. मी तिला मराठीत काय म्हणालो ते इथं मुलं बसलीत म्हणून सांगत नाही.

घोड्यांना सरावात झेंडे, छत्र्या, ढोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं दाखवतात. माझ्या पहिल्या संचलनात बँड वाजला, फुगा फुटला, घोडी ढिम्म. आणि चौकात झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा दिसल्याबरोबर चारी पाय रोवून उभी! घोडं पेंड खातं ते इथं. टाच लावली, चुचकारलं, विनवलं. मागचा बँड तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय. अखेर शेजारच्या बाईंनी आपला घोडा एक पाऊल पुढे काढला, तेव्हा त्याच्या शेपटीमागून आमच्या बाईसाहेब...

बरं बरं. चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

महत्त्व. समारंभाचं घोडदळ म्हणून नाक मुरडू नका. फिलाडेल्फियाची 'फर्स्ट सिटी ट्रूप' 1774 ची, आपले घोडे घेऊन आलेल्या अठ्ठावीस जणांनी काढलेली, म्हणजे अस्सल शिलेदार. आजही तिथले सैनिक सरावाचा पगार ट्रूपलाच परत देतात. कलकत्ता लाइट हॉर्स तर क्लबात जमणाऱ्या साहेबांचं दळ. मार्च 1943 मध्ये त्यातल्या पोट सुटलेल्या काही जणांनी जहाजातून येऊन गोव्यात मुरगाव बंदरातल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर रात्री छापा घातला. गोवा पोर्तुगिजांचा, म्हणजे तटस्थ, म्हणून सैन्य पाठवता येत नव्हतं. त्या रात्री घोडा एकही नव्हता, हा मुद्दा माझ्या विरुद्ध जातो, पण वेळ नाही.

प्रक्रिया. अर्ज करायचा, भेटायला बोलावतात, मग नवशिक्यांचं प्रशिक्षण. घोड्यावर कधी बसला नसाल तरी चालतं, मीही बसलो नव्हतो. आपलं दुसरं दळ न्यूटाउनला आहे, 1808 चं, त्या बाजूला राहणाऱ्यांनी तिकडं जा. टाच असलेले बूट आणा. स्पोर्ट शूज नकोत, पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो.

अध्यक्ष उभे राहिलेत. कागद बाहेर वड्यांच्या टेबलावर ठेवलेत, ज्यांना भरती व्हायचंय त्यांनी नाव लिहा. शिवजयंतीच्या घोड्यासाठी तिथं नाव लिहू नका. मागच्या वेळी अकरा जणांनी लिहिलं होतं.