मावशीच्या घड्याळातला एक तास

रात्रीचे बारा दहा झालेत, मे महिन्याचा पहिला आठवडा, मुंबई विमानतळाचं टर्मिनल २. माझी मावशी ट्रॉलीवर दोन बॅगा टाकून गेटच्या रांगेत उभी आहे, एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात तिकिटाची प्रिंट आणि प्रिंटवर सुटायची वेळ २.३५. लंडनला मुलीकडे चाललीये, पहिल्यांदाच एकटी. आणि मी रेलिंगच्या अलीकडून वर बोर्डकडे बघतो तर तीच फ्लाइट १.३५ ला. चेक-इन काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे तो बंद व्हायला पंचवीस मिनिटं.

तिकीट जानेवारीत काढलेलं. मार्चमध्ये एअरलाइनचा वेळ बदलल्याचा ईमेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात दबून राहिला. मावशी पोचली वेळेत, कशीबशी, काउंटरवरच्या मुलीने तिला हाताला धरून पुढे नेलं. पण तो एक तास गेला कुठे हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

तर आपण म्हणतो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. विमानांच्या टाइमटेबलला मात्र जगभर दोनच सीझन आहेत, समर आणि विंटर. समर मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि विंटर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२५ मध्ये या तारखा होत्या ३० मार्च आणि २६ ऑक्टोबर. म्हणजे सात महिने समर, पाच महिने विंटर, आपल्याकडे धो धो पाऊस पडत असतो तेव्हाही कागदावर समरच. आणि हे रविवार असेच ठरलेले नाहीत, युरोपातली घड्याळं याच दोन रविवारी पुढे-मागे होतात.

इथेच मावशीचा तास सापडला. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, पण लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. आता समजा एखाद्या विमानाला लंडनला सकाळी सातला उतरायचंय, तिथून पुढे लोकांना दुसरी विमानं पकडायचीत म्हणून ती वेळ हलवता येत नाही. हिवाळ्यात तिथले सात म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, दहा तासांचा प्रवास धरला तर इथून रात्री अडीचला निघायचं. उन्हाळ्यात तिथले सात म्हणजे आपले साडेअकरा, मग निघायचं दीडला. लंडनच्या माणसाला काहीच बदललेलं दिसत नाही, त्याच्या दृष्टीने विमान रोजच्याच वेळेला आलं, बदल झाला तो सगळा मुंबईत, मध्यरात्री.

आणि हे एका विमानाचं नाही. फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम, सगळीकडे घड्याळ एकाच रात्री हलतं, त्यामुळे युरोपला जाणाऱ्या विमानांची रांगच्या रांग तासभर सरकते. दुबई, अबू धाबी, दोहा मात्र घड्याळ बदलत नाहीत. म्हणजे रात्रीच्या गर्दीतला अर्धा भाग हलतो आणि अर्धा जागेवर राहतो, मग हिवाळ्यात जी दोन विमानं एकमेकांपासून तासभर लांब होती ती उन्हाळ्यात एकाच वेळी रनवे मागतात. लोडर, जेवणाच्या गाड्या, इमिग्रेशनचे काउंटर, ड्युटीवाल्यांना आणणाऱ्या कॅब, सगळ्यांचं रोस्टर नव्याने लागतं. अमेरिकेचं अजून वेगळं, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारीच घड्याळ पुढे करून बसतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे युरोपमार्गे तिकडे जाणाऱ्यांच्या कनेक्शनच्या वेळा पुन्हा वेगळ्या.

बरं, गाडी तासभर आधी सोडायची म्हटलं तर स्टेशनात प्लॅटफॉर्म हवा. मुंबईची खरी अडचण ती आहे. इथे धावपट्ट्या दोन, ०९/२७ आणि १४/३२ (हे त्यांच्या दोन्ही टोकांचे नंबर), पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मी जरीमरीला वाढलो, कुर्ला-अंधेरी रोडवर, आमच्या गच्चीवरून २७ वर उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता यायची, आणि एक गेलं की मनात आकडे म्हणायला लागायचो, शंभरपर्यंत पोचायच्या आत पुढचं येतंय का बघायला. बहुतेक वेळा यायचंच. ११ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, या विमानतळावर २४ तासांत १,०३२ उड्डाणं आणि लँडिंग झाली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ अशी मर्यादा आणली कारण विमानं हवेत घिरट्या घालत बसायची. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं.

म्हणून इथे स्लॉट म्हणजे सोनं. स्लॉट म्हणजे ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी उतरायची किंवा उडायची परवानगी. एअरलाइनने सीझनभरात त्यातले ८० टक्के वापरले तर पुढच्या वर्षी त्याच सीझनला तो तिचाच, नाही वापरले तर काढून घेऊन दुसऱ्याला. तिकिटं मात्र वर्षभर आधीपासून विकली जातात आणि स्लॉट नंतर पक्के होतात, मग वेळा बदलल्याचे ईमेल सुटतात. तेव्हा एवढं कराच, मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटानंतरचा प्रवास आधी बुक केला असेल तर निघायच्या आदल्या आठवड्यात वेळ पुन्हा बघा, प्रिंटवर विसंबू नका.

आता पाऊस. टाइमटेबलमध्ये त्याला नाव नाही पण त्याची तयारी असते. दरवर्षी पावसाआधी एक दिवस दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात, २०२४ मध्ये ९ मेला सकाळी ११ ते संध्याकाळी ५, एकही विमान नाही. टायरचं रबर घासून घासून रनवेवर थर बसतो, ओल्यात चाक घसरतं, तो थर काढायचा, दिवे तपासायचे, भेगा बघायच्या. हे कित्येक महिने आधी जाहीर होतं म्हणून त्या सहा तासांत कोणी तिकीटच विकत नाही. पाऊस संपल्यावर पुन्हा एक दिवस तसाच. एवढं करूनही निसर्ग ऐकेल असं नाही, मिठी नदी याच रनवेखालून जाते आणि २६ जुलै २००५ ला विमानतळ दिवसाहून जास्त काळ बंद होता. १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान पावसात रनवेच्या पुढे गेलं, चिखलात रुतलं, मुख्य धावपट्टी काही दिवस बंद.

त्याच वर्षी रनवेचं मोठं काम निघालं, नोव्हेंबर २०१९ पासून मार्च २०२० च्या अखेरपर्यंत सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते साडेपाच मुख्य रनवे बंद. अख्खा विंटर शेड्युल त्या कामाभोवती बसवला. आणि काम संपतं न संपतं तोच लॉकडाऊन लागला, नवीन समर शेड्युल कागदावरच राहिला.

हिवाळ्यात मुंबईला धुकं त्रास देत नाही, दिल्लीचं देतं. एकच विमान दिवसात चार-पाच फेऱ्या मारतं, सकाळी सातला दिल्लीत अडकलं की रात्री नऊला मुंबईतला माणूस गेटवर बसून असतो, आणि बाहेर आकाश स्वच्छ. ते बसलेल्याला पटवून सांगणं अवघड.

काही गोष्टी मात्र या दोन रविवारांना जुमानत नाहीत. हजची विमानं चंद्राप्रमाणे चालतात, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. हापूस त्याच्या वेळेलाच पिकतो, एप्रिल-मेमध्ये, प्रवासी विमानांच्या पोटातून पेट्या बाहेरदेशी जातात, बहुतेक मावशीच्या विमानातही तिच्या पायाखाली कुठेतरी देवगडचा आंबा असणार.

मावशी परत आली ती ऑक्टोबर संपता संपता, विंटर शेड्युलच्या पहिल्याच आठवड्यात. या वेळी मी वेळ तीनदा बघितली होती. ती ट्रॉली ढकलत बाहेर आली, बारीक झालेली, स्वेटर अजून अंगातच. पहिला प्रश्न, "किती वाजले रे इथे?" मी सांगितलं. तिने हातातल्या घड्याळाची चावी ओढली आणि काटे फिरवायला लागली, जाताना विमानात साडेचार तास मागे घेतलेले, आता साडेपाच पुढे. मध्येच थांबली, बोटांवर मोजलं, माझ्याकडे बघितलं. "अरे, एक जास्तीचा कुठून आला?"

"चल, गाडीत सांगतो," म्हटलं.